विहिणींची गाणी आणि ग्रीस लावलेली डबी

"आवाज येत नाय." हे वाक्य मी जेवढ्या वेळा ऐकलंय, तेवढ्या वेळा माझं नावसुद्धा कुणी घेतलं नसेल.

डहाणूला स्टेशनपासून जरा आतल्या बाजूला आमचं दुकान होतं. अर्धं माझं, अर्धं नवऱ्याचं. माझ्या अर्ध्यात कॉम्प्युटरची दुरुस्ती, नितीनच्या अर्ध्यात मांडव, खुर्च्या, भोंगे आणि माणसाच्या उंचीचे स्पीकर. मध्ये पडदा होता, पण नावाला. नितीन फोनवर बोलायला लागला की माझ्या टेबलावरचे स्क्रू जागा सोडायचे. दारात आलेला माणूस मला बघून आधी विचारायचा, "भाई नाय काय?" मी सांगायचे, "भाई खुर्च्या मोजायला गेलेत. कॉम्प्युटर माझ्याकडे." तरी तो थोडा वेळ उभा राहून भाईची वाट बघायचा. मग अगदीच इलाज राहिला नाही की लॅपटॉप माझ्यासमोर ठेवायचा, तोही सांभाळून, मी चावेन की काय अशा बेतानं.

दिवाळी अंकवाल्यांनी मला बजावलंय, अनुभव लिहा, पण फार तांत्रिक नको. तांत्रिक काढून टाकलं तर माझ्या धंद्यात उरतो फक्त नितीन, आणि त्याच्यावर लिहायला बसले तर हा अंक पुरायचा नाही. तेव्हा थोडं तांत्रिक सांगते. वाचणाऱ्यानं सोसून घ्यावं.

हे सगळं दोन हजार चौदा ते एकोणीसच्या दरम्यानचं. त्या वर्षांत आमच्याकडे पेनड्राइव्हमध्ये गाणी कमी आणि व्हायरस जास्त असायचे. एखादा पेनड्राइव्ह तलासरीहून निघाला की डहाणूला पोचेपर्यंत वाटेतले सगळे कॉम्प्युटर आडवे करत यायचा. वैतागून मी जुन्या मशीनवर लिनक्स टाकायला सुरुवात केली. लिनक्स फुकट, म्हाताऱ्या मशीनवरही चालतं, आणि त्या व्हायरसांचं तिथं कुणी ऐकतच नाही. लोक आधी कुरकुरले, मग चालतंय म्हटल्यावर गप्प बसले.

आता आवाजाचं. कॉम्प्युटरच्या पोटात गाणं म्हणजे नुसते आकडे. स्पीकरला आकडे कळत नाहीत, त्याला कमीजास्त होणारी वीज लागते. मध्ये एक दुभाषी लागतो. तो मशीनच्या आत बसवलेला असतो, पण आमची हवा खारी. किनाऱ्यावरच्या गावात लॅपटॉपचं हेडफोनचं भोक बघता बघता हिरवं पडतं आणि दुभाष्याची वाचा बसते. मग बाहेरून लावायचा दुभाषी आणायचा. काडेपेटीएवढी डबी असते. एका अंगानं यूएसबीत खुपसायची, दुसऱ्या अंगाला स्पीकरची पिन. उलटही चालतं. टेपरेकॉर्डरची पिन लावली तर जुनी कॅसेट आकडे होऊन कॉम्प्युटरात जाते. सगळे तिला साउंडची डबी म्हणायचे, मीही तेच म्हणते.

लिनक्सला या डबीसाठी सीडी-बिडी काही लागत नाही. खुपसली की ओळखतं. पण ओळख झाली म्हणजे बोलणं सुरू झालं असं नसतं, हे सासरी गेलेल्या कुठल्याही मुलीला विचारा. आवाज आतल्या स्पीकरला जाईल, टीव्हीच्या वायरीला जाईल, जिथं ऐकायला कुत्रं नाही तिथं इमानेइतबारे जाईल, आणि डबी कोरडी ती कोरडीच. कधी आवाजाच्या पट्टीखाली 'एम एम' अशी अक्षरं दिसतात. म्हणजे डबीचं तोंड बांधलेलं. एम दाबायचं, तोंड सुटतं. या एका बटणावर मी डहाणू तालुक्यात वर्षानुवर्षं फुकट चहा प्यायले.

तलासरीचे एक क्लासवाले सर डबी परत घेऊन आले. चालतच नाही म्हणाले. मी विचारलं, कशी लावलीत? डबी स्पीकरला लावली होती, स्पीकर विजेला लावला होता, फक्त डबी कॉम्प्युटरला लावायची तेवढी राहिली होती. "पण ती वायरलेस आहे ना?" सर म्हणाले. मी तसं कधीच म्हटलं नव्हतं. नितीननं म्हटलं होतं. विकताना नितीन काहीही म्हणतो.

अच्छाडच्या ढाब्याचं याहून भारी. चेकपोस्टला ट्रकांची रांग लागली की ड्रायव्हर लोक ढाब्यावर बसून राहायचे, म्हणून मालकानं गाण्यांसाठी माझ्याकडून लिनक्सचं मशीन आणि डबी नेली. चार दिवसांनी फोन, "बेन, गाणं मधीच घरघरते." मी गेले, बसले, चहा प्यायले, गाणं अगदी स्वच्छ. उठून रिक्षाकडे वळले आणि मागून घर्रर्र. बघते तर आत चटणीचा मिक्सर चालू, तोही डबीच्याच बोर्डावर. वायर वेगळी काढून दिली, घरघर बंद. आठवड्यानं परत फोन. आता काय? तर घरघर झाली की चटणी ताजी होतेय हे ड्रायव्हरांना कळायचं आणि ते लगेच भजी मागवायचे. आता कळत नाही, भजी पडून राहतात. मी जाऊन मिक्सर परत त्याच बोर्डावर लावून आले. गिऱ्हाइकाच्या आग्रहावरून पुन्हा बिघडवून दिलेली माझी ही एकमेव दुरुस्ती.

पण माझी खरी फजिती झाली वरोरला, भाविकाच्या लग्नात.

भाविका वरोरच्या हरेशभाईंची मुलगी. हरेशभाई बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, तिचा कप्तान. भाविका कॉलेजला डहाणूला यायची आणि तिचे सगळे प्रोजेक्ट माझ्या दुकानात टाइप व्हायचे, त्यामुळे मला काकी म्हणायची. लग्न ठरलं वाढवणच्या मुलाशी. तिला आनंदात असायला हवं होतं, पण ती आली ती कॅसेटनं भरलेली पिशवी टेबलावर आपटत.

"काकी, आजी जेवत नाय."

"का?"

"काशीबाय येणार म्हणून."

हे समजायला तिकडची एक रीत माहीत हवी. नवऱ्याकडची मंडळी मांडवात आली की दोन्हीकडच्या बायका समोरासमोर बसतात आणि गाण्यातून एकमेकींची उणीदुणी काढतात. त्या टोमणे मारतात, या उत्तर देतात. ज्यांना उत्तर सुचलं नाही त्या हरल्या. जिंकणाऱ्याला काही मिळत नाही, पण हरणाऱ्याला मासळी बाजारात वर्षानुवर्षं ऐकून घ्यावं लागतं. वरोरकडून नेहमी जमनाआजी गायची, भाविकाची आजी. ती कधी हरली नव्हती. वाढवणकडून गायची काशीबाई, आणि ती जमनाआजीसमोर कधी जिंकली नव्हती. दोघी बाजारात समोरासमोर टोपल्या मांडून बसायच्या, आणि गिऱ्हाईक नसलं की तोंडाचा सराव चालू ठेवायच्या. आता ही काशीबाई नवऱ्या मुलाची सख्खी आत्या निघाली.

आणि नेमका त्याच वर्षी जमनाआजीचा गळा गेला. वापीला ऑपरेशन झालं. डॉक्टरनं सांगितलं, आवाज परत येईलसं वाटत नाही, आणि सध्या तर कुजबुजसुद्धा बंद. हातवारे करा.

"आजी हातानं सांगते, मी लग्नाला बसणारच नाय," भाविका म्हणाली. "म्हणते, काशीबाय माझ्या तोंडावर गाईल नि मी काय नुसती बघत राहू? पोतडीत तोंड घालून पडेन, पण मांडवात नाय येणार. आणि काकी, आजी नाय तर मी पण पाटावर बसत नाय. माझ्या जन्मापासून मी ऐकतेय, तुझ्या लग्नात अशी गाईन नि तशी गाईन."

"तुझी आई गाईल की."

"आईनं एकदा गायलं होतं. आजी म्हणाली, हिच्या गळ्यात बोटीचं इंजिन हाय."

जमनाआजीनं कुणालाच शिकवलं नव्हतं, कारण तिला कुणाचाच गळा पसंत नव्हता. पण नातेवाइकांनी जुन्या लग्नांत टेपरेकॉर्डर लावून तिची गाणी भरून ठेवली होती. त्याच त्या पिशवीतल्या कॅसेट. भाविकाची कल्पना अशी, की या कॅसेट कॉम्प्युटरात घालायच्या, एकेक टोमणा वेगळा कापायचा, आणि काशीबाईनं गाऊन झालं की आजीनं बोट दाखवायचं, मी बटण दाबायचं. म्हणजे आजी मांडवात बसेल आणि उत्तरही तिचंच जाईल.

मी हो म्हटलं. नितीन पडद्यामागून म्हणाला, "एवढ्याशा डबीवर माझे स्पीकर वाजवणार? वाढवणच्या बंदराविरुद्धच्या सभेला अख्खं गाव ऐकतं त्याच्यावर." मी म्हटलं, सभेला तुमचे स्पीकर वाजतात ते माणसाच्या तोंडावर, आणि माणसाचं तोंड या डबीपेक्षा फार मोठं नसतं. त्यानं आवाज खाली आणला. म्हणजे त्याच्या मानानं.

मग आजी रोज दुकानात यायला लागली. बारकी, काटक, कपाळावर ठसठशीत कुंकू, तोंड घट्ट मिटलेलं. टेपरेकॉर्डर, त्याला डबी, तिला लॅपटॉप अशी माळ लावून आम्ही एकेक कॅसेट आत घेत होतो. ती स्वस्तातली डबी जरा लबाड होती. सेकंदाला किती आकडे घेते ते सांगायची एक आणि घ्यायची दुसरेच. त्यामुळे आजीचा आवाज लॅपटॉपवर मुळापेक्षा पातळ आणि किंचित घाईत वाजायचा. मी चूक पकडली, दुरुस्त केली, ऐकवली. आजीनं माझा हात धरला आणि मान जोरात हलवली. तिला आधीचाच हवा होता. त्या पातळ आवाजात ती विशीतली वाटत होती. मी म्हटलं, आजी, हे चुकीचं आहे. तिनं हातानंच मला उडवून लावलं.

टोमणा ओळखायचा कसा, हा पुढचा प्रश्न. आजीला वाचता येत नव्हतं. लिनक्समध्ये फाइलीला आपल्याला हवं ते चित्र लावता येतं. मी प्रत्येक टोमण्याला मासा लावला. नवरा मुलगा हडकुळा आहे या गाण्याला बोंबील. विहीण दागिने मिरवते त्याला पापलेट, चकचकीत म्हणून. कंजूषपणाच्या गाण्याला खेकडा, कारण धरलेलं सोडत नाही. विहीण फार बोलते तिला मांदेली, तळताना तडतडते ना. आजीनं स्क्रीनवर तो बाजार मांडलेला बघितला आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसली, असं भाविका म्हणाली. त्या दिवशी आजी घरी जाऊन जेवली.

कॅसेटवर गाण्यांमागे सगळं लग्न भरलेलं होतं. कुत्री, भांडी, रडणारी पोरं. खेकड्याच्या गाण्यात तर एक पुरुष अगदी खणखणीत ओरडतो, "चला, पहिली पंगत बसवा." मी विचारलं, कापू? पण त्याच्याखाली गाण्याची अख्खी ओळ होती. आजीनं नको सांगितलं. राहू दिलं.

लग्नाच्या दिवशी दुपारी आम्ही वरोरला मांडवात सगळं लावून घेतलं. स्पीकरची वायर आखूड पडते म्हणून नितीननं लॅपटॉपला यूएसबीची लांब वायर जोडली आणि तिच्या टोकाची डबी थेट त्याच्या मोठ्या स्पीकरच्या डोक्यावर ठेवली. चालवून बघितलं, आवाज पार समुद्रापर्यंत गेला. मग मी हातपाय धुवायला आणि साडी नीट करायला आत गेले. माणसानं लग्नात साडी नीट करू नये, हे मी तेव्हापासून शिकले.

वाढवणची मंडळी आली. काशीबाई पुढे, धिप्पाड, खांद्यावरून पदर ओढून घेत, लढाईला निघाल्यासारखी. बायका समोरासमोर बसल्या. जमनाआजी मध्यभागी, शेजारी मी, मांडीवर लॅपटॉप. काशीबाईनं आजीकडे बघितलं, लॅपटॉपकडे बघितलं आणि सुरुवात केली.

"मांडव घातला मोठा गं, खुर्च्या आणल्या भाड्यानं,
पाव्हण्यांना विचारलं पाणी शेजारच्या वाड्यानं."

वाढवणच्या बायका खो खो हसल्या. खुर्च्या नितीनच्या होत्या, त्याचं तोंड पडलं. आजीनं शांतपणे पापलेटवर बोट ठेवलं. मी दाबलं.

"विहीण आली मिरवत गं, नथ तिच्या नाकात,
नथ आणली मागून गं, बहीण तिची धाकात."

स्पीकरमधून विशीतली जमना गायली. काशीबाईचा हात नथीकडे गेला. मग ती उठली, चालत स्पीकरपर्यंत गेली आणि मागे वाकून बघून आली.

"ही जमनाच," ती म्हणाली. "पण ही माझ्या लग्नातली जमना हाय."

वाढवणच्या एक-दोघींनी आक्षेप घेतला, की मशीन चालणार नाही, तोंडानं गा. काशीबाईनंच त्यांना गप्प केलं. "गळा तिचा हाय ना? मग तो डब्यातून येवो नायतर माठातून. मला काय फरक पडते? मी तिला डब्यासकट हरवते."

मग जी जुंपली. बोंबील झाला, मांदेली झाली. आजी गालिच्यावर मांडी ठोकून, डोळे बारीक करून, बरोबर त्या माशावर बोट ठेवत होती. मला वाटतं त्या वेळी डहाणू तालुक्यात लिनक्स एवढ्या आत्मविश्वासानं कुणी वापरत नव्हतं. काशीबाईनं वरोरकडच्या जेवणावरून टोमणा मारला तसा आजीनं खेकडा दाबायला लावला. गाणं सुरू झालं आणि मधेच स्पीकरमधून तो पुरुष गरजला, "चला, पहिली पंगत बसवा."

वाढवणचे पुरुष उठले. उन्हातून आलेली माणसं, पोटात कावळे. सगळे थेट पंगतीच्या जागी जाऊन पानं ओढून बसले. आचारी झारा घेऊन धावत आला, भात अजून चुलीवर होता, वरणाला उकळी फुटली नव्हती. तो विचारतोय कुणी बोलावलं, ते सांगताहेत तुमच्याच माणसानं बोलावलं, आणि तो माणूस कॅसेटमधला, बहुधा एव्हाना देवाघरी गेलेला. त्यांना परत आणून बसवेपर्यंत बराच गोंधळ झाला. काशीबाई म्हणाली, "उत्तर सुचत नाय म्हणून आमच्या पुरुषांना उपाशी पळवता काय?" पण हसत होती.

आणि तिथून पुढे घसरगुंडी सुरू झाली. अगदी शब्दशः.

आजीनं पुढचा मासा दाबायला लावला आणि मोठ्या स्पीकरमधून काहीच आलं नाही. माझ्या मांडीवरून मात्र डासाएवढ्या आवाजात जमना गात होती. डबी लॅपटॉपच्या वायरीतून सुटली होती, आणि डबी सुटली की लिनक्स गुपचूप आतल्या स्पीकरवर जातं. मी उठून डबी पुन्हा खुपसली. गाण्यातल्या ढोलाच्या ठेक्यानं स्पीकर हादरला आणि डबी पुन्हा हळूच सरकून बाहेर आली, साबण हातातून निसटावा तशी. पुन्हा खुपसली, पुन्हा बाहेर. मी बोटं बघितली. काळी कुळकुळीत. वास घेतला. ग्रीस.

"मीच लावला," मागून हरेशभाई म्हणाले. चेहऱ्यावर बापाचं प्रेम नुसतं ओसंडत होतं. "तुम्ही आत गेलात तवा बघितलं, सगळे जोड उघडे. खाऱ्या हवेत जोड उघडा ठेवते काय कोण? बोटीवर बॅटरीला आमी असाच लावते. भरपूर लावलाय, काळजी नको."

नवरीच्या बापाला त्याच्याच मांडवात काय बोलणार? मी दातओठ खाऊन हसले. पदरानं डबी पुसली, भोकं काडीनं कोरली, तर ग्रीस आणखी आत गेला. शेवटी लॅपटॉपनं डबीला ओळखही दाखवेनाशी केली. माझ्याकडे जादा डबी असते, मी काही काल धंद्यात आलेली नाही. पिशवीतून ती काढली. तीही काळी. हरेशभाईंनी पिशवी उघडून तिलाही सोडलं नव्हतं. लॅपटॉपचं स्वतःचं हेडफोनचं भोक तर केव्हाच हिरवं पडलेलं. नितीन माईक घेऊन धावला आणि लॅपटॉपच्या स्पीकरशी धरला, तर असली शिट्टी वाजली की मांडवातली सगळी पोरं एकदम रडायला लागली. त्यानं माईक बंद केला.

काशीबाईला हे सगळं दिसत होतं. ती थांबली नाही, आणि तिनं का थांबावं? आयुष्यभर वाट बघितलेली संधी होती. तिनं आवाज चढवला.

"मोठी म्हणे गाणारीण, आज का गं मुकी?
वाळत घातली गाणी गं, त्यांची झाली सुकी."

वाढवणच्या बायकांनी टाळ्या पिटल्या.  वरोरच्या सगळ्या जमनाआजीकडे बघत होत्या, आणि आजी त्या बंद पडलेल्या माशांच्या बाजाराकडे. तिचे डोळे भरले. मला इतका राग आला, डबीचा, ग्रीसचा, माझ्या साडीचा, की मलाच रडू फुटायचं बाकी होतं. पाटावर भाविका हळद लावलेल्या हातांनी तोंड झाकून बसली होती.

भाविकाची आई पुढे सरकली आणि आजीच्या तोंडाशी कान नेला. सांगा, मी गाते. आजीनं तिला कोपरानं बाजूला सारलं. अशा वेळीसुद्धा बोटीचं इंजिन नको म्हणजे नकोच. मग आजीनं हात वर केला आणि बोट वाकवून समोर बोलावलं. काशीबाईला.

काशीबाईनं आधी मागे बघितलं, दुसऱ्या कुणाला बोलावतेय का म्हणून. मग उठली, मधली जागा ओलांडून आली आणि वाकली. डॉक्टरनं कुजबुजायची बंदी घातलेली जमनाआजी तिच्या कानात कुजबुजली. चांगली दोन ओळींएवढी.

काशीबाईचं तोंड आधी लाल झालं. मग तिचे खांदे हलायला लागले. मग ती पोट धरून हसत खालीच बसली.

"काय म्हणाली? काय म्हणाली?" दोन्हीकडून गलका.

आता बघा, कुणीही ऐकलं नव्हतं. शेजारी मी होते, मलाही नुसती हवा ऐकू आली. काशीबाई नुसती उठून आपल्या जागी गेली असती तर वाढवण जिंकलं असतं आणि पुढची सगळी वर्षं बाजार तिचा होता. तिनं डोळे पुसले, पदर खोचला, जमनाआजीला जरा सरकायला लावलं आणि वरोरच्या बाजूला तिच्या शेजारी मांडी घालून बसली. समोर तिची स्वतःची जागा रिकामी होती. त्या रिकाम्या जागेकडे बोट करून तिनं गळा मोकळा सोडला.

"सुकी तर सुकी गं, पावसाळ्याची सोय,
ताजं तुझं गाणं, त्याला आत्ताच वास येतोय."

एक क्षण कुणाला कळेचना हसावं की काय करावं. मग वरोर हसलं, वाढवण हसलं, आचारी झारा टाकून हसला. काशीबाई उठली, परत पलीकडे गेली, वाढवणकडून स्वतःचं उत्तर गायली, पुन्हा अलीकडे आली आणि कान पुढे केला. आजी कुजबुजली, ही गायली. पुन्हा पलीकडे. दोन-तीन खेपा झाल्यावर ती धापा टाकत म्हणाली, "जमने, तू मधी येऊन बस. माझे गुडघे गेले." मग दोघी मांडवाच्या मधोमध बसल्या आणि काशीबाई एकटीच दोन्हीकडून भांडत राहिली. स्वतःचा टोमणा मारताना जरा आवाज चढवायची, आणि आजीचा गाताना मान ताठ करायची, अगदी आजीसारखी. मी लॅपटॉप मिटून टाकला. पाटावरून उठून भाविका बायकांत येऊन बसली होती, तिला कुणी रागावलं नाही.

शेवटी आचारी खरंच आला आणि ओरडला, "चला, पहिली पंगत बसवा." एकही माणूस उठला नाही. सगळ्यांना वाटलं, कॅसेट.

कोण जिंकलं यावर वरोर आणि वाढवण अजून भांडतात. माझी हळहळ एवढीच, की त्या दुपारचं आम्ही काहीच भरून घेतलं नाही. दोन्ही डब्या मी घरी नेल्या, रॉकेलमध्ये बुडवल्या, ब्रशनं घासल्या. एक चालू झाली, दुसरीला अजून बोटीचा वास येतो.

पुढे पावसाळ्यात बोटी बंद असताना काशीबाई जमनाआजीला रिक्षात घालून दुकानात घेऊन आली. आजीचा आवाज परत आला नव्हता, नुसती हवा. "हिचं सगळं भरून घे," काशीबाई म्हणाली, "मी मेले तर कोण गाणार?" मी नवी डबी लावली, माईक लावला, एम एम बघून घेतलं. आजी तिच्या कानाशी वाकायची, काशीबाई गायची. संध्याकाळपर्यंत चाललं होतं. नितीननं पडद्यामागून एकही फोन घेतला नाही, हे मी त्याच्या नावावर नोंदवून ठेवलंय.

मी हेडफोन लावून ऐकत होते. प्रत्येक ओळीच्या आधी खसखस खसखस असा आवाज येत होता, आजीच्या कुजबुजीचा. मी म्हटलं, "मावशी, ही खसखस मी साफ करून टाकते. एका बटणाचं काम आहे. मग तुमचा आवाज एकदम स्वच्छ येईल."

काशीबाईनं माझा हात धरला. "त्याला हात लावू नको. गाणारीण ती हाय. मी तिचा नुसता भोंगा."

आजी पुन्हा तिच्या कानाशी वाकली. काशीबाईनं ऐकून घेतलं, माझा हात सोडला आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "म्हणते, भोंगा पण बेसूर हाय."